दहा नंबरचा बोल्ट सहाचा असतो

गॅरेजमध्ये मिस्त्री ओरडतो, "दहा नंबरचा बोल्ट दे रे," आणि पोरगा जो बोल्ट आणून देतो तो दहा मिलिमीटर जाडीचा नसतो. सहाचा असतो. दहा हा पान्याचा नंबर. तोच मिस्त्री हार्डवेअरच्या दुकानात पोराला पाठवतो, पोरगा "दहाचा बोल्ट द्या" म्हणतो, आणि दुकानदार दहा मिलिमीटर जाडीचा, सतरा नंबरचा पाना लागणारा ठोंब्या काउंटरवर ठेवतो. यात चुकलं कोणीच नाही. एकजण डोक्याचं माप बोलतोय, दुसरा दांड्याचं.

माझी चूक वेगळी होती आणि जरा महाग पडली. जुन्या जपानी घडणीच्या हॅचबॅकचा फॅनबेल्ट बदलत होतो. आल्टरनेटर, म्हणजे गाडीत वीज तयार करणारं यंत्र, वरच्या पट्टीला ज्या बोल्टने आवळलेलं असतं तो हातातून निसटला, खाली कुठेतरी दोनदा खणखणला आणि गडप झाला. गाडीखाली आडवं पडून टॉर्च मारला, चुंबक फिरवलं, काही नाही. रविवारची दुपार, स्पेअर पार्टवाले बंद, कोपऱ्यावरचं हार्डवेअर उघडं. मी करंगळी दाखवून "साधारण एवढा जाड" असं शास्त्रोक्त माप सांगितलं आणि दुकानदाराने अडीच सुती बोल्ट दिला. घरी येऊन बोटांनी फिरवला. एक वेढा गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला अडला. वाटलं, आट्यांत कचरा असेल. पाना लावला. अर्धा वेढा जड गेला आणि मग एकदम हलका झाला. ते हलकं होणं ज्याने हाताला अनुभवलंय त्याला पुढचं सांगायला नको. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस भरला होता. आल्टरनेटरचे आटे बोल्टसोबत बाहेर आले होते.

आता त्या अडीच सुताची भानगड. आपल्याकडे हार्डवेअरच्या धंद्यात इंचाचे आठ भाग करून प्रत्येकाला सूत म्हणतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. मापं-वजनांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, पण गेटच्या बिजागऱ्या, पत्र्याच्या शेड आणि पाण्याच्या टाक्यांचे स्टँड आजही सुतात चालतात. अडीच सूत म्हणजे इंचाचे सोळा भाग करून त्यातले पाच, मिलिमीटरमध्ये ७.९४. माझ्या आल्टरनेटरला हवा होता आठ मिलिमीटरचा. फरक एका मिलिमीटरच्या शंभर भागांतल्या सहा भागांचा. व्हर्नियर कॅलिपर लावला असता तरी मी फसलो असतो, कारण आठ मिलिमीटरचा म्हणून विकला जाणारा बोल्टही व्हर्नियरवर कधीच पूर्ण आठ भरत नाही. नटमध्ये फिरायला थोडी जागा लागते म्हणून तो मुद्दाम किंचित बारीक करतात: ७.८ ते ७.९५ च्या दरम्यान कुठेतरी. सहाचा ५.८५ भरतो, दहाचा ९.८५. व्हर्नियरवर ७.८५ आलं म्हणून "हा आठचा नाही" असं समजू नका. वरच्या पूर्ण आकड्यावर न्या.

जाडी जवळपास सारखी, मग अडलं कुठे? आट्यांमधल्या अंतरावर. याला पिच म्हणतात: एका आट्याच्या कंगोऱ्यापासून पुढच्या कंगोऱ्यापर्यंतचं अंतर, म्हणजेच बोल्ट एक वेढा फिरला की जेवढा आत जातो तेवढं. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टची पिच १.२५. अडीच सुती बोल्टला इंचात अठरा आटे असतात, म्हणजे पिच १.४१. शिवाय सुती बोल्टच्या त्या जुन्या इंग्रजी आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा म्हणजे मिलिमीटरवाल्यांचा ६०. पहिल्या वेढ्याला ०.१६ मिलिमीटरचा फरक आट्यांमधल्या मोकळ्या जागेत मावून जातो. दुसऱ्याला ०.३२. तिसऱ्याला जवळपास अर्धा मिलिमीटर, आणि तिथे बोल्टचा कंगोरा भोकाच्या कंगोऱ्यावर चढायला लागतो. लोखंडात लोखंड असतं तर नुसतं अडकलं असतं. ॲल्युमिनियम मऊ, ते सोलून निघतं.

म्हणून या सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे: चुकीचा बोल्ट पहिले दोन वेढे बरोबरच जातो. बरोबर बोल्ट निदान पाच-सहा वेढे नुसत्या बोटांनी गेला पाहिजे. त्याआधी पान्याला हात लावायचा नाही.

मेट्रिक बोल्टचं नाव वाचायला सोपं आहे. एम८ × १.२५ × ३० असं लिहिलं असेल तर आठ मिलिमीटर जाडी, १.२५ पिच, ३० मिलिमीटर लांबी. काउंटरवर याला "आठचा, सव्वाची पिच, तीस लांब" म्हणतात. गोंधळ असा की मधला आकडा बरेचदा लिहितच नाहीत. नुसतं "एम८ × ३०" लिहिलं की जाड, म्हणजे मोठ्या पिचचे आटे गृहीत धरायचे, आणि प्रत्येक जाडीला जाड आट्यांची पिच ठरलेली आहे: पाचला ०.८, सहाला एक, आठला सव्वा, दहाला दीड, बाराला पावणेदोन. सहापर्यंत फारसा विचार करावा लागत नाही. गाडीत सापडणारा सहाचा बोल्ट एकच्याच पिचचा असतो असं धरून चाललात तर क्वचित फसाल. खरा घोळ आठपासून सुरू होतो आणि दहाला शिगेला पोचतो. दहाचे बोल्ट दीड, सव्वा आणि एक अशा तिन्ही पिचमध्ये येतात, आणि एकाच गाडीत तिन्ही सापडू शकतात. हार्डवेअरवाल्याकडे असतो दीडचा. जपानी गाड्यांच्या सस्पेन्शन-ब्रॅकेटमध्ये सर्रास सव्वाचा. ब्रेकच्या पायपांचे नट बहुधा एकच्या पिचचे.

गाडीवाल्यांना हे बारीक आट्यांचं वेड का? बारीक आट्यांत बोल्टचा गाभा थोडा जाड राहतो, त्यामुळे तो जास्त ताण सोसतो, आणि आट्यांचा उतार कमी असल्याने धक्क्या-हादऱ्यांत सहज सैल होत नाही. पण तेच आटे मऊ ॲल्युमिनियममध्ये कापले तर कंगोरे नाजूक होतात, म्हणून तिथे पुन्हा जाड आटे. हा काही पक्का नियम नाही. स्पार्क प्लग बघा: इंजिनाच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या भागात, म्हणजे हेडमध्ये बसतो आणि तरी एम१४ ला पिच सव्वाचीच. आणि त्याच गाडीच्या इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट अनेकदा एम१४, पण दीडच्या पिचचा.

चाकाचे नट हा याचाच रोजचा नमुना. सुझुकीच्या गाड्यांना एम१२, पिच सव्वा. ह्युंदाई, होंडा यांना एम१२, पिच दीड. फोक्सवॅगन-स्कोडाला नट नाहीच, थेट बोल्ट, आणि तो एम१४ दीडच्या पिचचा. शेजाऱ्याच्या गाडीचा एक नट उसना घेऊन "जातोय की दोन आटे" म्हणत व्हील पान्यावर उभं राहणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन आटे जाणारच.

पिच मोजायला पिच गेज मिळतो: करवतीच्या दातांसारख्या पात्यांचा जुडगा, प्रत्येकावर आकडा. बोल्टवर एकेक पातं ठेवायचं, उजेडासमोर धरायचं. ज्याच्या आणि बोल्टच्या मधून अजिबात उजेड दिसत नाही ती तुमची पिच. महाग वस्तू नाही, पण नसली तरी अडत नाही. शाळेच्या कंपासमधली पट्टी घ्या. बोल्टवरचा एक कंगोरा शून्यावर ठेवा, त्याला सोडून पुढचे दहा मोजा. दहावा साडेबारा मिलिमीटरवर आला तर पिच सव्वा, पंधरावर आला तर दीड, दहावर आला तर एक. माझा अडीच सुती बोल्ट १४.१ वर आला असता. एका आट्यावर न दिसणारा फरक दहा आट्यांवर डोळ्यांत भरतो. घाईत लोक पहिल्या कंगोऱ्यालाच "एक" म्हणतात; तसं केलं तर दहा म्हणेपर्यंत नऊच अंतरं होतात आणि सगळं गणित बिघडतं.

याहून सोपी युक्ती गॅरेजमधली. ओळखीचा बोल्ट आणि अनोळखी बोल्ट एकमेकांना आडवे टेकवायचे, आट्यात आटा घालून. दोन कंगव्यांचे दात एकमेकांत बसावेत तसे पूर्ण लांबीभर बसले तर दोघांची पिच सारखी. टोकाकडे फट दिसली तर नाही.

हे सगळं जुना बोल्ट हातात असेल तर. माझ्यासारखा तो हरवलाच असेल तर आधी त्याची भावंडं शोधा. गाडीचा एखादा पार्ट एकाच बोल्टवर क्वचितच असतो. शेजारचा काढून मापा. डाव्या हेडलाइटचा गेला असेल तर उजव्याचा काढा. एकुलता एक असेल तर भोक मापावं लागतं, आणि इथे बरेच जण चुकीचं भोक मापतात. वरच्या पट्टीचं किंवा कव्हरचं भोक मोकळं असतं, बोल्ट त्यातून सहज पार व्हावा म्हणून मोठं ठेवलेलं: आठच्या बोल्टला नऊ मिलिमीटरचं, सहाच्याला साडेसहाच्या आसपास. मापायचं ते आटे असलेलं भोक. व्हर्नियरचे वरचे छोटे जबडे आत घालून उघडले की जो आकडा येतो तो ढोबळमानाने जाडी वजा पिच. एम६ चं पाचच्या आसपास, एम८ चं पावणेसातच्या आसपास, एम१० दीडच्या पिचचं साडेआठ. फिटर टॅप मारताना, म्हणजे भोकात आटे कापताना, ड्रिल निवडतात ते याच हिशेबाने. आकडा कळला की त्या मापाचा चांगला बोल्ट घेऊन बोटांनी फिरवून बघायचा. सुरुवात करताना आधी उलटा फिरवा. कुठेतरी बारीकसा "टक्" जाणवेल, आट्याचं तोंड सापडल्याचा. तिथून सुलटा. बोल्ट तिरका चढून आटे मरण्याचे निम्मे अपघात या एका सवयीने टळतात.

डोक्याकडे परत येऊ. डोक्यावरून जाडी ओळखता येते, पण गाडी कुठल्या देशाच्या पद्धतीने घडली हे ठाऊक असेल तरच. आपल्याकडच्या कुठल्याही पाना सेटमध्ये १२-१३ असा एक दुतोंडी पाना असतो. त्याची दोन्ही तोंडं एम८ ची आहेत. जपानी पद्धतीत एम८ च्या बोल्टला बाराचं डोकं, जर्मन पद्धतीत तेराचं. मारुतीवाल्याचं बाराचं तोंड झिजतं, फोक्सवॅगनवाल्याचं तेराचं. एम१० ला जपानी डोकं चौदाचं, जुनं जर्मन सतराचं, नव्या आंतरराष्ट्रीय मानकाचं सोळाचं. एम६ ला सगळीकडे दहा, म्हणून "दहा नंबर" इतका प्रसिद्ध. पण दुचाकीत एम६ लाच आठ नंबरचं छोटं डोकं दिसेल. डोकं दुसऱ्या नंबरचं आलं तरी बोल्ट चालतो, फक्त आजूबाजूला पाना फिरायला जागा हवी. चपट्या कडेचा, म्हणजे फ्लँजचा असेल तर नवाही फ्लँजचाच घ्या, नाहीतर खाली वायसर घाला.

फुलीवाल्या स्क्रूंबद्दल एक तक्रार नोंदवतो. जुन्या जपानी गाड्यांतली फुली दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखी, पण ती नव्हे. तिचा खाचा थोडा वेगळा असतो आणि डोक्यावर कडेला एक बारीक ठिपका कोरलेला असतो. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यातून निसटून वर येतो आणि फुलीचं कटोरं करतो. दोष स्क्रूला जातो.

लांबी मापताना डोकं धरायचं की नाही? वर उभं राहणारं डोकं असेल तर धरायचं नाही, डोक्याखालून टोकापर्यंत. पृष्ठभागात बुडणारं, म्हणजे सीएसके डोकं असेल तर डोक्यासकट. लांब बोल्ट म्हणजे जास्त मजबूत असं वाटतं, पण भोक आरपार नसेल तर लांब बोल्ट तळाला टेकतो. पाना घट्ट लागतो, आपण खूश, आणि पार्ट मात्र खाली हलतोच आहे. आणखी पिळलं तर तळाचं ॲल्युमिनियम फुटतं. आखूडही नको: लोखंडात निदान बोल्टच्या जाडीएवढे आटे आत जायला हवेत, ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट. भोकात रिफिल घालून खोली मापा, तिच्यात वरच्या पार्टची जाडी मिळवा, दोन-तीन मिलिमीटर वजा करा.

आता ताकद. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे उमटवलेले असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की पोलादाची तुटण्याची मर्यादा मिळते, मेगापास्कलमध्ये. टिंबानंतरचा आकडा सांगतो की तिच्या किती दशांश ताणाला बोल्ट कायमचा ताणला जातो. ८.८ म्हणजे ८०० ला तुटणार, ६४० ला ताणला जाणार. हे हाताला लागेल असं सांगायचं तर ८.८ चा एम८ बोल्ट सरळ ओढला तर सुमारे तीन टनांना तुटतो. गेट-ग्रीलसाठी मिळणारा ४.६ चा, दिसायला अगदी तसाच, दीड टनाला. डोक्यावर काहीच लिहिलं नसेल तर मी तो नंबरप्लेट आणि बॅटरीच्या पट्टीच्या पलीकडे कुठे लावत नाही.

स्टेनलेसचं खूळ कोकणात जरा जास्त आहे, आणि समजण्यासारखं आहे. खाऱ्या वाऱ्यात साधा बोल्ट दोन पावसाळ्यांत पान्याला दाद देईनासा होतो. पण ए२-७० लिहिलेला स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमजोर असतो, आणि ॲल्युमिनियममध्ये बसवला तर खाऱ्या ओलाव्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. बोल्ट नवा कोरा, भोक खलास. लावायचाच तर आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावून.

गाडीतले सगळेच स्क्रू या पद्धतीत येतात असं नाही. मडगार्डचं प्लॅस्टिक, बंपरची कड, नंबरप्लेट इथे टॅपिंग स्क्रू असतात: टोकदार, लांब-लांब आट्यांचे, स्वतःची वाट स्वतः कापणारे. त्यांच्या जागी मेट्रिक मशीन स्क्रू घालायला जाऊ नये आणि उलटही नको. जुन्या जीप आणि जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये इंचाचे आटे, कारण एकीचं मूळ अमेरिकन, दुसरीचं इंग्रजी. पद्मिनी मात्र फियाटची लेक, म्हणून मेट्रिक. आणि एक अपवाद आजच्या कोऱ्या मेट्रिक गाडीतही बसलेला आहे: सीट बेल्टचा बोल्ट. तो जगभर बहुतेक गाड्यांत सात-सोळांश इंचाचा, इंचात वीस आट्यांचा असतो, कारण सीट बेल्टच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तेच माप आहे. एम१२ त्या भोकात शिरत नाही, एम१० खुळखुळतो.

सीट बेल्ट, ब्रेक कॅलिपर, स्टिअरिंग, सस्पेन्शन, इंजिन हेड. इथे मापं तंतोतंत जुळली तरी मी हार्डवेअरचा बोल्ट लावत नाही. कंपनीचा पार्ट नंबर सांगून मागवतो. हेड बोल्ट तर अनेक इंजिनांत मुद्दाम ताणून बसवायचे असतात आणि एकदा काढले की परत वापरायचे नसतात. पार्ट नंबरातच कधीकधी माप दडलेलं असतं: होंडाच्या साध्या बोल्टांच्या नंबरात मधे ०६०२० दिसलं तर तो सहाचा, वीस लांब.

माझा आल्टरनेटर शेवटी वाचला. लेथवाल्याने उडालेलं भोक मोठं करून टॅप मारला, आत स्प्रिंगसारखी तारेची गुंडाळी बसवली, आणि आतून पुन्हा एम८ सव्वाचे आटे तयार झाले, या वेळी पोलादाचे. बोल्ट आणायला सोमवारी त्याच हार्डवेअरमध्ये गेलो. "आठचा मिलिमीटरवाला, सव्वाची पिच, तीस लांब, आठ पॉइंट आठ," एका दमात सांगितलं. दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "हे काल सांगितलं असतंत तर?" बारा नंबरचं डोकं त्याच्याकडे नव्हतं, तेराचं घेतलं. त्यामुळे माझ्या गाडीत आता एक बोल्ट असा आहे ज्याला १२-१३ पाना उलटा धरावा लागतो.

अडीच सुती बोल्ट टूलबॉक्समध्येच ठेवलाय, कीस न पुसता. अनोळखी नट हाती आला की आधी त्याच्यावर चढवून बघतो. शेवटपर्यंत गेला तर तो नट गाडीचा नाही, गेटचा.